काडतुसं मी काढली होती

लातूर जिल्हा होऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. एक दिवस बाबा बंदुकीचं लायसन रिन्यू करायला सकाळच्या एसटीनं निघाले आणि थेट उस्मानाबादला जाऊन उभे राहिले. आमचं गाव निलंग्याच्या बाजूचं. उस्मानाबादला जाणारी गाडी लातूरवरूनच जायची. लातूरच्या स्टँडवर ती अर्धा तास थांबली, बाबा खाली उतरून चहा प्यायले आणि परत गाडीत जाऊन बसले. तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत मी आवक-जावकच्या टेबलावर बसलो होतो. त्या कचेरीत बाबा दोनदा माझा डबा घेऊन आले होते.

संध्याकाळी ते परत आले ते कपड्यात गुंडाळलेली बंदूक खांद्याला लावून. म्हणाले, "जुनी सवय रे. पाय तिकडंच वळतात."

सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा आमच्या भागात निम्मे लोक जिल्हा म्हटलं की उस्मानाबादच म्हणायचे. कोर्टाची तारीख असलेले, पेन्शनवाले, कितीतरी लोक असे चुकून जाऊन आले होते. त्यात बाबा एक. त्या हसण्यात जे दिसायला हवं होतं ते मला दिसलं नाही.

बाबा फौजेत हवालदार होते. निवृत्त होऊन आले तेव्हा स्वतःची लायसनची बंदूक असलेल्या माजी सैनिकाला बँकेत राखणदार म्हणून घेत. बाबांनी बाराबोरची दुनळी बंदूक घेतली आणि गावातल्या बँकेच्या दारात अठरा वर्षं उभे राहिले. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीत त्याआधी कुणाच्या घरी बंदूक नव्हती, आणि वस्तीबाहेरही दोन-तीन घरांतच होती. बाबा खाकी कपड्यांत, खांद्याला बंदूक लावून बाजारातून चालत बँकेत जायचे तेव्हा दुकानदार दुकानातून रामराम घालायचे. आमची आजी तेव्हा होती. ती दारात उभी राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघायची. मी शाळेत 'बंदूकवाल्याचा पोरगा' होतो आणि मला ते फार आवडायचं.

बँकेत बाबांच्या बरोबरीनं एक शिपाई होते. जवळच्या खेड्यातलं शेतकरी घर, थोडी कोरडवाहू जमीन, भाऊकी मोठी. मी त्यांना काका म्हणायचो. सकाळी शटर दोघांनी मिळून उघडायचं आणि संध्याकाळी दोघांनी मिळून ओढायचं, अशी अठरा वर्षं. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. त्यानंतरही काका रोज चारच्या सुमाराला सायकलवरून आमच्याकडे यायचे. माझी बायको चहा ठेवायची. काका पायरीवरूनच ओरडायचे, "हवालदार, ड्युटीवर हाव का न्हाई?" आणि बाबा आतून म्हणायचे, "हजर हाय." आमच्या घरी रोज चहा पितो म्हणून काकांच्या भाऊकीत कुजबुज होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्यांनी ते कधी आमच्या कानावर येऊ दिलं नव्हतं.

उस्मानाबादच्या त्या फेरीनंतर वर्षभरात बाबांचं विसरणं वाढलं. जेवून उठले की पुन्हा जेवायला मागायचे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण ती कंधारला माहेरी गेली आहे, कधी येणार, असं विचारायचे. मी त्यांना नांदेडला बहिणीकडे नेलं आणि तिथल्या एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बाबांना आजचा वार विचारला, दोन-चार हिशेब विचारले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वयाचं आहे. हे कमी होणारं नाही. घरात जपा." स्मृतिभ्रंश हा शब्द मी फार नंतर वर्तमानपत्रात वाचला. तेव्हा आमच्याकडे म्हातारपण हा एकच शब्द होता. बहिणीनं मात्र निघताना विचारलं, "दादा, ती बंदूक घरातच हाय का अजून?" मी म्हणालो, "खुंटीला हाय. बघू."

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. आदल्या वर्षीही जेमतेमच. आमच्या घरासमोरचा आड तळाला गेला आणि दर दोन दिवसांनी दुपारी टँकर येऊन त्यात पाणी सोडायला लागला. टँकरचा हॉर्न वाजला की आख्खी गल्ली घागरी-बादल्या घेऊन धावायची. आडाच्या काठावर रेटारेटी, आरडाओरडा, भांड्यांचा खणखणाट.

एका दुपारी त्या गलक्यात बाबा दारातून बाहेर आले. अंगात बनियन, डोक्यावर बँकेची खाकी टोपी, आणि बंदूक खांद्याला टेकवून नळी समोर रोखलेली. ओरडले, "हॉल्ट! पीछे हटो! एक कदम आगे नहीं!"

ही हकिकत मला बायकोनं संध्याकाळी सांगितली. ती त्याच गर्दीत होती. घागरी टाकून बाया पळाल्या. शेजारची एक बाई आडाच्या कठड्यावर दोर धरून उभी होती. तिला खाली उतरता येईना की हलता येईना. बाबांची नळी तिच्याकडे होती. बायको सांगत होती, "मला काय सुचलं मलाच कळंना. मी हळूच बाजूनं गेले आन म्हनलं, मामा, पाच वाजले. बँक बंद झाली." बाबांनी तिच्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, बंदूक खाली घेतली. "शटर ओढलं का?" असं विचारलं आणि आत जाऊन खाटेवर आडवे झाले.

मी बंदूक खुंटीवरून काढून उघडून बघितली. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. चारला काका आले तेव्हा मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठून सगळं सांगितलं. ते सायकलला टेकून ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्यात काय एवढं? दर इलेक्शनला बंदुका ठाण्यात जमा करून घेतात का न्हाई? हवालदार सगळ्यांच्या आधी नेऊन देतो. त्याला सांग, इलेक्शन लागलंय. हासत नेऊन दील. मी येतो संगं."

"आन इलेक्शन झाल्यावर मागितली तर?"

"त्याच्या ध्यानात ऱ्हानार हाय का, लेका? आन राहिलंच तर मी हाय की. म्हनीन निकाल लागायचा हाय."

सरळ गोष्ट होती. मी नाही म्हणालो. काकांना कारण सांगितलं की ठाण्यात काहीतरी लिहून द्यावं लागेल, मग कागद वर जाईल. खरं कारण वेगळं होतं. हत्यारांच्या लायसनचं टेबल कचेरीत माझ्या टेबलापासून चौथं होतं. बाबांच्या नावाचा कागद त्या टेबलावर गेला असता, का जमा केली म्हणून विचारणा झाली असती आणि दुपारच्या डब्याला कुणीतरी म्हणालं असतं, 'याच्या बापाच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे.' नव्या कचेरीत मी नवा होतो. मी कुठून आलो, कसा आलो, याबद्दल तिथं आधीच पुरेसं बोललं जायचं. त्यात हे मला नको होतं. आणि हेही होतं की बाबांच्या खुंटीवरची बंदूक उतरवली तर आमच्या घराचं काहीतरी उतरेल असं मला वाटायचं. बाबांच्या मानाला मी जपतोय अशी मी माझी समजूत काढली. जपत होतो तो माझा मान.

मग मी मला सोपं वाटलं ते केलं. बाबा अंघोळीला गेले असताना त्यांच्या ट्रंकेतला काडतुसांचा डबा काढला. नळ्यांतली दोन मी टँकरच्या दिवशी संध्याकाळीच काढून ठेवली होती. सगळी मिळून दहा. ती फडक्यात बांधून आमच्या कपाटात बायकोच्या साड्यांखाली ठेवली आणि कुलूप लावलं. बंदूक खुंटीवर तशीच राहू दिली. बायकोला सांगितलं, काकांना सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं असं मी पुढे कित्येकदा म्हणालो, पण तसं नव्हतं. त्यांनी सुचवलेलं मी केलं नव्हतं, म्हणून तोंड चुकवलं.

दोन दिवसांनी बाबांनी ट्रंक उघडली. ज्या माणसाला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं, त्याला दहा काडतुसं आठवत होती. फौजेत काडतूस हरवणं म्हणजे काय, ते त्यांच्या हाडात होतं. त्यांनी ट्रंक उपसली, गाद्या झटकल्या, पिठाच्या डब्यात हात घातला. सूनबाईला विचारलं, मला विचारलं. मी म्हणालो, "असतील इथंच कुठंतरी, बाबा. सापडतील." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चप्पल घालून गाडी पकडायला गेलो.

त्या चारलाही काका आले. बायको सांगते, बाबांनी नेहमीसारखं 'हजर हाय' म्हटलं नाही. चहाचा कप काकांच्या हातात होता तेव्हा बाबा म्हणाले, "काडतुसं तू नेलीस."

काकांना आधी मस्करीच वाटली. "नेली की. चिवड्यात टाकून खाल्ली."

"तूच नेलीस. घरात दुसरं कोन येतं?"

काका कप ठेवून उठले. बायकोनं, "मामा, असं काय बोलताव" म्हणून मधे पडायचा प्रयत्न केला. खरं तिला ठाऊक होतं, पण मी कुणाला बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं.

पुढच्या दिवशी सकाळी, मी लातूरला गेल्यावर, बाबा टोपी घालून चालत ठाण्यात गेले. हत्यारवाल्यानं काडतूस हरवलं तर कळवायचं असतं, तसं त्यांनी कळवलं. संशय कुणावर म्हणून विचारल्यावर काकांचं नाव सांगितलं. जमादारानं खेड्यात माणूस पाठवून काकांना बोलावून घेतलं. कुणी त्यांना वाईट बोललं नाही. साहेब तालुक्यात फिरतीवर गेले होते, ते येईपर्यंत बसा, एवढंच सांगितलं. काका सकाळी दहापासून चारपर्यंत ठाण्याच्या ओसरीतल्या बाकावर बसून होते. ठाणं बाजाराच्या रस्त्यावर होतं. तो बाजाराचा दिवस होता. त्यांच्या खेड्यातलं निम्मं गाव त्या रस्त्यानं गेलं.

रात्री बायकोनं मला हे सांगितलं आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जावा काकाकडं." मी म्हणालो, "उद्या ठाण्यात जाऊन मिटवतो."

आणि मिटवलं. सकाळी फडक्यातली काडतुसं जमादाराला दाखवली. म्हणालो, "घरातच सापडली. बाबांना हल्ली आठवत नाही." जमादार माझ्या वयाचा होता, मी कचेरीतला म्हणून मला भाऊसाहेब म्हणायचा. म्हणाला, "आमच्याबी घरी म्हातारं हाय भाऊसाहेब, चालायचंच. पण त्या बिचाऱ्याला सांगा बरं का. लई खाल मान घालून बसला हुता."

मी हो म्हणालो. ठाण्यापासून काकांचं खेडं दोन मैल. मी तिकडे न जाता साडेनऊची लातूरची गाडी पकडली.

नंतर कळलं ते असं. काकांना ठाण्यात बसवलं त्या संध्याकाळी त्यांच्या भाऊकीतली चार तरणी माणसं आमच्या घरावर यायला निघाली होती. रोज त्यांच्यात जाऊन चहा पितोस, आणि त्यांनी तुला चोर म्हणून ठाण्यात बसवावं? त्यांना काकांनी आपल्या दारात अडवलं. म्हणाले, "त्याचं डोकं ठिकाणावर न्हाई. माझ्या मित्राला कुनी हात लावला तर आधी माझ्याशी गाठ हाय." त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत काय होऊ शकलं असतं याची मला कल्पनाही नव्हती. मी घरी बसून भाकरी खात होतो.

सव्वा महिना गेला. काका आले नाहीत. चार वाजले की बाबा दाराकडे बघायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "चोर आज बी आला न्हाई." एकदा मी घरी आलो तेव्हा ते रिकामी बंदूक मांडीवर घेऊन नळीत वाकून बघत होते. बायको मला म्हणाली, "अहो, रिकामी हाय हे तुमाला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. बाहेरच्याला हाय का ठाऊक? टँकरच्या दिवशी ह्यांच्यावर कुनी दगूड घातला तर?"

तेव्हा मी काकांनी सांगितलेलं केलं. रविवारी सकाळी बाबांना म्हणालो, "बाबा, इलेक्शन लागलंय." त्यांनी दाढी केली, खाकी शर्ट चढवला, बंदूक खांद्याला लावली, मी फक्त काडतुसांचं फडकं बरोबर घेतलं. ठाण्यात जमादारानं लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं, "दुनळी बंदूक एक, काडतुसं दहा." बाबा म्हणाले, "बराबर. दहा." खाली सही केली आणि ताठ उभे राहून सॅल्यूट केला. अर्ध्या तासात सगळं झालं. सोमवारी कचेरीत चौथ्या टेबलावरच्या कारकुनाला मी स्वतःच सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंत." बस. ज्याला मी इतका भीत होतो ते एवढंच होतं.

मला वाटलं, बाबांनी आपल्या कानांनी दहा ऐकली, आता त्यांच्या मनातून काका सुटले. दुसऱ्या दिवशी चारला ते म्हणाले, "चोर आज बी आला न्हाई."

त्या आठवड्यात मी काकांच्या खेड्यात गेलो. ते गोठ्यात उभे होते. चारा संपला होता, बैल दुसऱ्या दिवशी छावणीवर न्यायचे होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काडतुसं मी काढली, कपाटात ठेवली, कुणाला सांगितलं नाही.

काका बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग विचारलं, "मला बाकावर बसवलं तवा तू कुठं हुतास?"

"कचेरीत."

"आन दुसऱ्या दिशी?"

"ठाण्यात गेलो होतो, काका. मिटवलं मी."

"ठाण्यात गेलास. आन हितं दोन मैल यायला तुला सव्वा महिना लागला."

मग ते म्हणाले, "माझं सोड. हवालदाराला सांगितलंस का, तू नेलीस म्हनून?"

"न्हाई."

"मग त्याला सांग. त्याच्या तोंडून निघू दी, की ह्यो चोर न्हाई. त्या दिशी मी चहाला येतो."

मी बाबांना सांगितलं. एकदा नाही, महिनोन् महिने सांगितलं. सकाळी त्यांचं डोकं जरा ताजं असायचं तेव्हा समोर बसून सांगायचो, "बाबा, काडतुसं मी काढली होती. काकांनी नाही." ते नीट ऐकून घ्यायचे. "हाव का? तू काढलीस? मग त्याला उगंच बोललो म्हन की." मला हायसं वाटायचं. दुपारी चारला पुन्हा तेच. सगळं पुसलं जात होतं, माझं नाव गेलं, आईचं गेलं, बँकेचंही गेलं, पण त्या रिकाम्या ट्रंकेपाशी त्यांच्या मनात जे बसलं ते हलेना. अठरा वर्षं बरोबर शटर उघडलेला माणूस त्यांच्या लेखी उरला नव्हता. त्या जागी एक चोर होता, आणि तो मी तिथं आणून बसवला होता.

बाजारात काका भेटायचे. विचारायचे, "काय म्हनून राहिलाय हवालदार?" मी म्हणायचो, "तेच." ते मान हलवून पुढे जायचे.

शेवटच्या वर्षी बाबा तेही विसरले. चार वाजले तरी दाराकडे बघेनात. मी काकांना निरोप धाडला की आता त्यांच्या मनात काही राहिलं नाही. काका आले, पायरीवर चपला काढल्या, पण हाक मारली नाही. खाटेशेजारी खुर्चीवर बसले. बाबांनी त्यांच्याकडे बघून अदबीनं विचारलं, "कोन म्हनायचं आपन?"

काका म्हणाले, "बँकेतला हाय."

"साहेब बाहेर गेलेत. बसा."

काका पाऊण तास बसले. बायकोनं चहा आणला, तो तसाच निवून गेला. निघताना तिला म्हणाले, "येतो, बाई." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी रागावलो नाही. कुठल्या तोंडानं रागावणार?

बाबा उन्हाळ्याच्या अखेरीस गेले. काका खांदा द्यायला आले होते. चालताना मागं कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "ह्योच की, काडतुसंवाला." मला ऐकू आलं, काकांनाही आलं असणार. त्यांनी खांदा बदलला नाही. मी मागं वळून बोलायला हवं होतं. मी रडत होतो आणि रडण्याआड लपलो.

पुण्यानुमोदनाला गल्ली, वस्ती, बँकेतले जुने लोक, सगळे जमले होते. बाबांबद्दल दोन शब्द बोला म्हणून मला उभं केलं. मी फौजेचं, बँकेचं सांगितलं, आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं की काडतुसं काकांनी घेतली नव्हती, मी काढली होती, मी गप्प राहिलो आणि एक सज्जन माणूस दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसला. काका तिथं नव्हते. मुलीकडे निघून गेले होते.

पावसाळा लागल्यावर एकदा ते मला लातूरच्या स्टँडवर दिसले. उदगीरच्या गाडीची वाट बघत होते. मी जवळ गेलो, पिशवी हातात घेतली. पेरणीचं बोललो, मुलीचं विचारलं. गाडी लागली तेव्हा ते म्हणाले, "तू सगळ्यांम्होरं बोललास, ऐकलं म्या."

मी म्हणालो, "लई उशीर केला, काका."

"हाव," ते म्हणाले. माझ्या हातातून पिशवी घेतली आणि गाडीत चढले. खिडकीपाशी बसून त्यांनी बाहेर बघितलं नाही, तिकिटासाठी खिशात सुटे पैसे शोधत राहिले. गाडी निघून गेली तरी मी काही वेळ तिथंच उभा होतो. नंतर कचेरी सुरू व्हायची वेळ झाली म्हणून चालू लागलो.